डेक्कन ३६० : नागपूरचं मालवाहू विमानांचं केंद्र दीड-दोन वर्षांत का मिटलं?

वर्धारोडकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळणारा प्रश्न आहे, इथे विचारून टाकतो.

२००९ साली मी नववीत होतो. आमचं घर वर्धा रोडला, विमानतळाच्या थोडं अलीकडे. त्या वर्षाच्या अखेरीस घरात, शाळेत, पानठेल्यावर एकच विषय होता. एअर डेक्कनवाले कॅप्टन गोपीनाथ आता मालवाहू विमानांची कंपनी काढतायत, डेक्कन ३६०, आणि तिचं मुख्य केंद्र मुंबई-दिल्ली सोडून आपलं नागपूर! मोठे काका तर म्हणाले होते, आता मिहानमध्ये, म्हणजे विमानतळालगतच्या मालवाहतूक-उद्योग प्रकल्पात, रात्रभर कामं चालतील, पोरांना पुण्या-मुंबईला जायला नको. झिरो माइलचा दगड बघायला आम्ही लहानपणी जायचो, तेव्हा वाटायचं की देशाच्या मध्यावर असण्याचा उपयोग तरी काय? पहिल्यांदा त्याचा उपयोग दिसत होता. एअरबसची मोठी मालवाहू विमानं, छोटी एटीआर, हाँगकाँग, शांघाय, दुबई अशी नावं ऐकून छाती फुगायची. २०१० मध्ये रिलायन्सने २६ टक्के हिस्सा घेतल्याची बातमी आली तेव्हा तर काकांनी पेढे आणले होते.

आणि २०११ मध्ये सगळं थंड. उड्डाणं थांबली ती थांबलीच.

मी आता एका गोदामात मालाच्या नियोजनाचं काम करतो. रोज ट्रकांचे मार्ग आखताना हे आठवतं. कल्पनाच चुकीची होती की अंमल चुकला? नकाशावर बघितलं तर नागपूरइतकी चोख जागा दुसरी नाही. अमेरिकेत फेडेक्स या पार्सल कंपनीने मेम्फिसमध्ये हेच करून साम्राज्य उभं केलं. मग आपल्याकडे का जमलं नाही? "पैसे संपले" हे उत्तर मलाही माहीत आहे. ते का संपले ते हवंय. या क्षेत्रात काम केलेलं कुणी असेल तर जरूर लिहा.

वाडीनाका

भाऊ, आमचा ट्रान्सपोर्टचा धंदा, दोन पिढ्यांचा. त्या वेळेस वाडीतल्या, म्हणजे नागपूरच्या ट्रकवाल्यांच्या वस्तीतल्या, सगळ्यांनाच धडकी भरली होती का आता आपला माल वरून जाणार म्हणून. वडील तेवढे शांत होते. ते म्हणत, विमानाला देण्यासारखा माल नागपुरात आहे किती ते मोजा आधी. संत्रं काही विमानाचं भाडं झेलत नाही. तांदूळ, कापूस, लोखंड, मँगनीज यातलं काय विमानात चढणार?

दुसरं म्हणजे रस्ता. नागपूर हे जुन्या ६ आणि ७ नंबरच्या हायवेचा चौक. त्या वर्षांत चौपदरीकरण जोरात चालू होतं, गाड्या चांगल्या येऊन राहिल्या होत्या. जकातीच्या नाक्यावर रात्र जायची, हे खरं. तरी दोन ड्रायव्हर दिले का दिल्ली दोन-अडीच दिवसांत पोचत होती. बहुतेक व्यापाऱ्याला तेवढं पुरतं. ज्याला उद्या सकाळीच पाहिजे असा माणूस शंभरात एखादा. त्या एकासाठी एवढं मोठं विमान, तिथंच मला तरी गणित बसत नव्हतं.

सोनेगावकर

वर्धारोडकर, तुमचा प्रश्न परवाच वाचला होता. दोन दिवस उत्तर डोक्यात जुळवत होतो, त्यामुळे लांबेल. वेळ काढून वाचा.

मी एकतीस वर्षं विमानतळावर लोड कंट्रोलला काढली. बहुतेक मुंबईत, सहारला, मधली काही वर्षं बाहेर. विमानात कुठला पॅलेट (माल रचून बांधलेली सपाट पाटी) कुठे बसेल, तोल कुठे येईल, लोडशीटवर सही कुणाची, हे माझं काम. डेक्कन ३६० मध्ये मी नव्हतो, म्हणून तिच्या आतल्या खोलीतलं काही सांगणार नाही. पण मालवाहू विमान कशावर जगतं हे रोज रात्री बघितलंय.

आधी नागपूरबद्दल लिहितो, कारण माझं बालपण सोनेगावात, नागपूरच्या विमानतळापाशी गेलं आणि वडील आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत, सॉर्टर होते. मेम्फिसचं उदाहरण तुम्ही दिलंत. फेडेक्सने तिथे १९७३ च्या एप्रिलमध्ये सुरुवात केली. नागपुरात तोच खेळ त्याच्या चोवीस वर्षं आधी सुरू झाला होता! ३० जानेवारी १९४९ ला रात्रीची हवाई टपाल सेवा निघाली. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री एकेक विमान निघायचं, मध्यरात्रीच्या सुमारास चारही नागपूरला उतरायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत ज्याचं विमान त्याच्या गावी. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या सकाळी कलकत्त्याच्या टपाल कचेरीत.

वडील ते काम अगदी हाताने करून दाखवायचे. थैली ओढली की आधी लेबल वाचायचं, मग लाखेचं सील शाबूत आहे का बघायचं, मग यादीवर खूण, आणि मगच दुसऱ्या ढिगावर. चार ढीग, चार विमानं, आणि घड्याळ. सील तुटलेली थैली निघाली तर ती बाजूला ठेवून लिहून काढायची, पण विमान थांबवायचं नाही. १९५३ च्या डिसेंबरात मद्रासकडे निघालेलं डाकोटा नागपुरातून उडाल्यावर लगेच कोसळलं, वैमानिक तेवढा वाचला. त्या रात्रीबद्दल वडील कधी फारसं बोलले नाहीत. पण ती सेवा त्यानंतरही वर्षानुवर्षं चालली.

ती का चालली, यात तुमचं अर्धं उत्तर आहे. थैल्या आधीपासून भरलेल्या होत्या. देशभरच्या लाल पेट्यांत पत्रं रोज पडतच होती. १ एप्रिल १९४९ पासून साधी पत्रं वेगळा हवाई आकार न लावता विमानाने न्यायला सुरुवात झाली, म्हणजे विमानाला माल शोधत हिंडावं लागलंच नाही. शिवाय पत्र दोन्ही बाजूंनी जातं. मुंबईहून कलकत्त्याला गेलं की कलकत्त्याहून उत्तर येतं. जाताना जेवढं वजन, येतानाही साधारण तेवढंच.

मालाचं तसं नसतं. माल एका दिशेने वाहतो. चीनकडून इकडे इलेक्ट्रॉनिक्स येतं, ते विमान परत जाताना तितक्याच भाड्याचं काय भरणार? देशांतर्गतही तेच. दिल्ली-मुंबई-बंगळूर यांच्यात माल भरपूर, पण त्या केंद्राला जोडलेल्या बाकीच्या टोकांवरून परतीला अर्धं पोट रिकामं. रिकामी जागा घेऊन उडालं तरी इंधन जवळपास तेवढंच जळतं, वैमानिक तेच, उतरण्याचं शुल्क तेच.

केंद्राचं गणित कागदावर फार सुंदर दिसतं. आठ शहरं एकमेकांना थेट जोडायची तर अठ्ठावीस जोड्या होतात. मधे नागपूर ठेवलं की आठ मार्गांत काम भागतं. पण या गणिताची एक अट आहे. प्रत्येक टोकावर संध्याकाळी सात वाजेपर्यंत पुरेशी पार्सलं गोळा झालेली हवीत, आणि तीही रोज. मंगळवारी भरलं, बुधवारी नाही, असं चालत नाही, कारण विमान बुधवारीही उडवावं लागतं. नाही उडवलं तर मंगळवारचा ग्राहकही जातो. आणि २००९ साली भारतात अशी पार्सलं होती किती? घराघरात खोकी पोचवणारा ऑनलाइन व्यापार नुकता रांगत होता. फ्लिपकार्ट २००७ मध्ये पुस्तकं विकत सुरू झालेलं. उद्या सकाळी पोचलंच पाहिजे आणि त्यासाठी जास्त पैसे देईन, असं म्हणणारे होते बँका, औषध कंपन्या, सुटे भाग बनवणारे. ते बहुतेक ब्लू डार्ट या कुरिअर कंपनीकडे होते.

ब्लू डार्टचा क्रम बघा. कंपनी १९८३ ची, तिची स्वतःची बोइंग ७३७ विमानं उडाली १९९६ मध्ये. मधली तेरा वर्षं त्यांनी कुरिअरची पोरं, शहरातली कार्यालयं, ग्राहकांची सवय हे सगळं बांधलं आणि माल दुसऱ्यांच्या विमानांतून पाठवला. स्वतःचं विमान आणलं तेव्हा त्यात टाकायला पार्सलं हातात होती. आधी थैल्या, मग विमान. डेक्कन ३६० ने विमानं, केंद्र, ट्रक, शहरांतली जाळी हे सगळं एकदम उभं करायला घेतलं. पार्सलं मागून येतील या भरवशावर.

आता विमानाकडे येऊ. एअरबस ३१० चं मालवाहू रूप साधारण ३८ ते ४० टन उचलतं. एटीआर ७२ आठेक टन. ऐकायला वाटतं, चाळीस टन भरले की झालं. पण विमान वजनाने क्वचितच भरतं, जागेने आधी भरतं. आमच्याकडे हिशोब असा की सहा हजार घनसेंटिमीटर म्हणजे एक किलो धरायचा, म्हणजे एक घनमीटर म्हणजे १६७ किलो. कपड्यांची, चपलांची खोकी आली की पॅलेट छतापर्यंत भरतो आणि वजनाचा काटा अर्ध्यावरच. मी उभं राहून पॅलेट बांधून घ्यायचो. खाली प्लास्टिक, जड माल तळाला आणि मध्यावर, वरची कड विमानाच्या गोलाईप्रमाणे उतरती, मग जाळं टाकून चारी बाजूंनी आवळायचं. एक जरी खोकं बाहेर आलेलं असेल तर दारात अडकतं आणि अख्खा पॅलेट खाली घेऊन पुन्हा बांधावा लागतो. त्यात चाळीस मिनिटं जातात. केंद्राच्या वेळापत्रकात चाळीस मिनिटं म्हणजे सगळ्या देशाची सकाळ उशिरा.

आणि विमान भाड्याने घेतलेलं असलं की महिन्याचं भाडं उडो न उडो द्यावंच लागतं. इंजिनाच्या देखभालीची रक्कम तासागणिक वेगळी. त्यात तेलाचं बघा. २००८ च्या जुलैत कच्चं तेल १४७ डॉलरपर्यंत चढलं आणि वर्ष संपताना चाळिसाच्याही खाली आलं. त्या पडत्या काळात ज्यांनी योजना आखल्या त्यांना सगळं सोपं वाटलं असणार. २०११ च्या एप्रिलमध्ये ब्रेंट जातीचं कच्चं तेल पुन्हा १२० डॉलरच्या वर. जुन्या घडणीच्या रुंद विमानाला हा फरक सोसत नाही. ट्रकवाला भाडं वाढवून तग धरतो, कारण त्याचा ग्राहक दुसरीकडे जाऊन जाणार कुठे? विमानाच्या ग्राहकाकडे मात्र पर्याय होता, आणि माझ्या मते हेच सगळ्यात मोठं कारण आहे.

तो पर्याय म्हणजे प्रवासी विमानाचं पोट. तुम्ही वर खिडकीत बसता तेव्हा तुमच्या पायाखाली सामान चढून झाल्यावरही जागा उरते. त्या जागेचं इंधन, वैमानिक, भाडं सगळं प्रवाशांच्या तिकिटातून आधीच निघालेलं असतं. त्यात दीड-दोन टन माल टाकला तर मिळेल तो पैसा वरकड. त्या दराशी नुसतं मालवाहू विमान कधीच लढू शकत नाही, कारण त्याचा सगळा खर्च मालावरच काढायचा असतो. आता आठवा, २००३ नंतर भारतात प्रवासी विमानं एवढी वाढली कशी? ती लाट आणली गोपीनाथांच्याच एअर डेक्कनने. एक रुपयाचं तिकीट, लक्ष्मणांचा कॉमन मॅन, छोट्या गावांना जोडणारी एटीआर. सैन्यातून निवृत्त होऊन शेती केलेला, १९९७ मध्ये हेलिकॉप्टरची कंपनी काढलेला हा माणूस. त्याने सामान्य माणसाला विमानात बसवलं हे मी कधीच विसरणार नाही. माझी आई पहिल्यांदा विमानात बसली ती त्यांच्याच. पण त्या लाटेमागून इतर कंपन्या आल्या, सकाळ-संध्याकाळ विमानं वाढली, आणि प्रत्येक विमानाबरोबर थोडी थोडी स्वस्त मालाची जागाही वाढली. २००८ मध्ये एअर डेक्कन किंगफिशरमध्ये मिसळून गेली, गोपीनाथ मालवाहतुकीकडे वळले, तोवर त्यांच्या विमानांच्या वाट्याचा माल या शेकडो पोटांमध्ये विखुरला गेला होता.

परदेशातलं एकच उदाहरण देतो, म्हणजे हे फक्त आपल्याकडेच घडलं असं वाटणार नाही. अमेरिकेत फ्लाइंग टायगर ही नावाजलेली मालवाहू कंपनी. १९४५ मध्ये युद्धातून परतलेल्या वैमानिकांनी काढली. पुढे ७४७ पर्यंत गेली, १९८० मध्ये सीबोर्ड वर्ल्ड ही दुसरी मालवाहू कंपनी गिळली. पण तिच्याकडे विमानं होती, पार्सलं दुसऱ्यांची. फेडेक्सकडे पार्सलं स्वतःची होती. १९८९ मध्ये फेडेक्सने टायगरला सुमारे ८८ कोटी डॉलरना विकत घेतलं. चव्वेचाळीस वर्षं जुनी कंपनी, आणि तिला विकत घेणारी सोळा वर्षांपूर्वी उडायला लागलेली.

माझ्या डोळ्यांसमोरची एक रात्रही सांगतो. ही डेक्कनची गोष्ट नाही, दुसऱ्या एका छोट्या मालवाहू कंपनीची, तिचं नाव घेत नाही. मे महिना होता. विमान भरून तयार, लोडशीट माझ्या हातात, रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. इंधनाचा बाउझर, म्हणजे टँकर, विमानाला लागून उभा, पण पाइप गुंडाळलेलाच. तेल कंपनीने उधारी बंद केली होती. ड्राफ्ट हातात पडल्याशिवाय थेंब मिळणार नाही. कॅप्टन शिडीच्या पायरीवर बसून होता. आणि शेवटी चढवायचे म्हणून डॉलींवर, म्हणजे मालाच्या बुटक्या गाड्यांवर, ठेवलेले कोंबडीच्या एका दिवसाच्या पिल्लांचे एकशे ऐंशी खोके. पुठ्ठ्याचे, भोकांचे, आत चार कप्पे, प्रत्येकात पंचवीस पिल्लं. सगळं एप्रन, म्हणजे विमानं उभी राहतात ती जागा, त्या आवाजाने भरून गेलं होतं. आमच्या एका लोडरने कुणी न सांगता थप्पी मोडायला सुरुवात केली, मधे हवा जायला हवी म्हणून. मीही लागलो. कंपनीचा ड्यूटी ऑफिसर फोनवर कुणाच्या तरी हातापाया पडत होता. चांगला माणूस होता तो, स्वतःचा तीन महिन्यांचा पगार थकलेला असताना येत होता.

मालवाहू कंपनी बंद पडल्याची बातमी पेपरात नंतर येते. ती बंद पडते अशा रात्री, गुंडाळलेल्या पाइपपाशी.

हेमांगी_ग

सोनेगावकर काका, फार छान लिहिलंत. मी बारा वर्षं फ्रेट फॉरवर्डिंगमध्ये आहे. तुमचं बरंचसं पटलं, पण एक बाजू राहिली असं वाटतं.

हवाई माल गोळा करतात ते मुख्यतः आमच्यासारखे फॉरवर्डर. निर्यातदार विमान कंपनीकडे थेट क्वचितच जातो. तो आमच्याकडे येतो, आम्ही दहा जणांचा माल एकत्र करून एअरलाइनकडून जागा घेतो. म्हणजे मालवाहू विमान भरायचं तर आम्ही खूश हवेत. डेक्कन ३६० मात्र घरापासून घरापर्यंत एक्स्प्रेस सेवाही देत होती. म्हणजे विमानात जागा विकायला ती आमच्या दारात येणार आणि त्याच वेळी आमच्या ग्राहकाच्या दारातही उभी राहणार. अशा कंपनीला फॉरवर्डर आपल्या ग्राहकाचं नाव-गाव असलेला माल सहजासहजी देत नाही. फेडेक्स किंवा ब्लू डार्टला ते परवडतं, कारण त्यांचं पोट त्यांच्याच पार्सलांनी भरतं. ज्यांचं अजून भरायचंय त्यांना दोन्ही दगडांवर पाय ठेवणं अवघड जातं.

दुसरं कस्टम्सचं. बाहेरून आलेला माल नागपूरला उतरवून पुढे दिल्ली-चेन्नईला न्यायचा तर तो कस्टम्सच्या देखरेखीखाली, बाँडमध्ये न्यावा लागतो. त्याचे कागद वेगळे, सील वेगळं. आयातदाराला वाटतं, थेट दिल्लीला उतरणारं विमान आहे तर मधे थांबा कशाला? आयातीच्या बाबतीत नागपूर मध्यावर आहे याचा फायदा नकाशावरच राहतो. ज्याचा माल आहे त्याला मध्य नको असतो, त्याला त्याचं गाव हवं असतं.

पण एक सांगते, मी गोपीनाथांना दोष देणार नाही. चार-पाच वर्षं उशिरा सुरू केलं असतं, ऑनलाइन खरेदीचे ढीग यायला लागल्यावर, तर कदाचित चित्र वेगळं असतं. काळाच्या पुढे जाणाऱ्याची किंमत त्यालाच मोजावी लागते हे बघून मला वाईट वाटतं.

वर्धारोडकर

काका, ताई, वाडीनाका, तिघांचे मनापासून आभार. सोनेगावच्या रात्रीच्या टपालाबद्दल मला काहीच माहीत नव्हतं, नागपूरचा असून! काकांना मोठ्याने वाचून दाखवलं, तेही गप्प झाले.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, फेडेक्सलाही सुरुवातीला तोटाच होत होता ना? मग ते कसे तरले? आणि दुसरी, ती पिल्लं... त्यांचं काय झालं? रात्रभर तेच डोक्यात होतं.

सोनेगावकर

वर्धारोडकर, तुमच्या काकांना माझा नमस्कार सांगा.

फेडेक्सचा पहिला दिवस १७ एप्रिल १९७३ चा. चौदा छोटी फाल्कन विमानं, पंचवीस शहरं आणि एकूण पार्सलं १८६. म्हणजे प्रत्येक विमानाच्या वाट्याला सरासरी तेरा. त्यांनाही मोठा तोटा झालाच. पण दोन गोष्टी त्यांच्या बाजूने होत्या. विमानं छोटी होती, रिकामी उडाली तरी जखम लहान. आणि अमेरिकेत कागदपत्रं, सुटे भाग यांचा "उद्याच हवं" म्हणणारा ग्राहक तयार होता, त्याला पोट-जागेचा भरवसा नव्हता, कारण प्रवासी विमानं दिवसा उडायची आणि पार्सलाला रात्र हवी होती. १९७७ च्या नोव्हेंबरात तिथे हवाई मालवाहतुकीवरचे सरकारी निर्बंध उठले तेव्हा कुठे त्यांनी मोठी विमानं आणली. तोवर चार वर्षं छोट्या विमानांत पार्सलं साठत गेली होती. हेमांगीताईंचा फॉरवर्डरचा मुद्दा अगदी बरोबर आहे, माझ्या ध्यानात आला नाही, मी एप्रनवरचा माणूस. पण उशिरा सुरू केलं असतं तर टिकली असती, याबद्दल माझं मन तेवढं धजत नाही. पार्सलं वाढली तशी प्रवासी विमानंही वाढलीच. ३१० ऐवजी नुसत्या एटीआरवर, थोड्या शहरांत सुरुवात झाली असती तर मी हो म्हटलं असतं.

आता पिल्लांचं. ड्राफ्ट चार वाजून चाळीस मिनिटांनी आला, एका मोटारसायकलवरून. पाइप लागला, आम्ही खोके चढवले आणि विमान साडेपाचच्या आत निघालं. आम्ही मोडलेल्या थप्पीतली पिल्लं वाचली. पण दुसऱ्या डॉलीवरची थप्पी मोडायला आम्हाला उशीर झाला होता, तिच्या अगदी मधले अकरा खोके चढवण्याआधीच बाजूला काढावे लागले. अकराशे पिल्लं. त्या लोडरने ते खोके एकावर एक ठेवले नाहीत, एकेक करून भिंतीपाशी रांगेत मांडले.

हॅचरीचा माणूस सकाळी आला, भांडला नाही. क्लेमसाठी एअरवे बिलाची, म्हणजे मालाच्या हवाई पावतीची, प्रत मागितली, अकरा खोक्यांवर माझी सही घेतली आणि गेला. पुढच्या मंगळवारी माझी ड्यूटी प्रवासी विमानांवर होती. सकाळी सहाच्या उड्डाणाला तोच माणूस विमानाच्या पोटाच्या दाराशी साठ खोके घेऊन उभा होता. बाकीचे एकशे वीस त्याने आठच्या आणि दहाच्या विमानांत वाटून दिले होते.